कंसात

माझ्या यंत्राला बावीस कळा आहेत.
तेविसावी मनगटात,
थंडी पडली की ती आपणहून उठते.
मार्च संपत आला, वॉशिंग्टनमध्ये अजून ओव्हरकोट,
आणि उपसमितीच्या खोलीत हीटर फक्त सदस्यांच्या बाजूला.
मी मधल्या खळग्यात बसतो,
दोन्हीकडची तोंडं मला दिसावीत,
माझं कुणाला दिसू नये, असा.

विषय: सागरी वाहतूक आयोग, पुढच्या वर्षीचा खर्च.
साक्षीला अध्यक्षा व्हर्ना हॉलिस्टर.
त्यांनी पाण्याचा पेला स्वतःच भरला
आणि म्हणाल्या, आम्ही एकशे चौदा माणसं आहोत.
म्हणजे शाळेच्या दोन बसगाड्या.
एवढ्यांनी समुद्रावर लक्ष ठेवायचं:
कुठल्या कंपन्यांनी आपसात भाव ठरवले,
कुठल्या धक्क्यावर कुणाचा कंटेनर अडला
आणि अडल्याचं भाडं कुणाच्या माथी मारलं.
(समुद्र म्हणजे अर्थात कागद.
एकशे चौदांतल्या निम्म्यांनी जहाज पाहिलंय ते कॅलेंडरवर.
हे त्या बोलल्या नाहीत,
मी खाली सुपाच्या रांगेत ऐकलंय.)

मग माननीय सदस्य ब्रॅडोक यांनी चष्मा चढवला.
पान एकेचाळीस. गालिचा.
एवढे डॉलर गालिच्याला?
पाइप फुटला होता.
कुठल्या मजल्यावर?
चौथ्या.
निविदा किती आल्या?
तीन.
रंग कोणता घेतलात?
बाईंनी कागद उलटवून पाहिला. राखाडी.
मी टंकलं: राखाडी.
मग टंकलं: (हशा).
हशाला मी एकच झटका बांधून ठेवलाय,
बोटं आधी धावतात, लोक मागून हसतात.

सतरा मिनिटं गालिचा,
चार मिनिटं जहाजं.
हत्ती केव्हाच निघून गेला होता,
आम्ही शेपटाची लांबी घेत होतो,
आणि ती बिनचूक उतरवायचा मला पगार आहे.

मधल्या सुट्टीत कॉफीच्या मशिनपाशी एक बाई,
मशिनने तिचं नाणं गिळलेलं.
छातीवर पाहुण्यांचा बिल्ला: डेल्फीन ओझूना, नॉरफोक.
काखेत हिरवी फाइल, रबर बँडचे दोन वेढे.
ती पियानोची स्टुलं मागवते.
चार कंटेनर आले, स्टुलं उतरली,
रिकामे परत करायला गेली तर गेट बंद. नऊ दिवस बंद.
आणि नऊ दिवस परत केले नाहीत म्हणून
कंपनीने लावलेला दंड स्टुलांपेक्षा महाग.
आयोगाकडे तक्रार करून चौदा महिने झाले.
"सुनावणी आहे असं वाचलं," ती म्हणाली,
"मला वाटलं, ऐकतील."
मी तिला माझं नाणं दिलं.
दुसरं काय देणार?
माझ्याकडे शब्द असतात, पण ते सगळे दुसऱ्यांचे.

नंतर शेवटी शेवटी, घड्याळाकडे बघत,
कुणीतरी विचारलं,
दक्षिणेकडच्या बंदरांना तुमचे तपासनीस किती?
दोन, हॉलिस्टर म्हणाल्या.
मग म्हणाल्या, एक.
दुसरे ऑक्टोबरात निवृत्त झाले, जागा भरायला पैसे
तुमच्याकडूनच यायचे होते.

यानंतर सहा सेकंद.
सहा सेकंदांना कळ नाही.
नियम असा, की बोललेलं लिहायचं,
आणि त्या खोलीत तेव्हा बोललं कुणीच नाही.
ब्रॅडोक साहेबांनी पान एकेचाळीस मिटलं,
इतकं सावकाश, की मला ते पाठमोऱ्या माणसासारखं वाटलं.

रात्री स्वयंपाकघरात ध्वनिफीत लावून
मी इतिवृत्त तपासतो, मनगटाला गरम पाण्याची पिशवी.
"एक" या शब्दानंतर, चौथ्या सेकंदाला,
मागच्या रांगेतून काहीतरी येतं: फट्.
मागे नेलं. पुन्हा फट्.
तीन वेळा ऐकलं, मग बायकोने आतून विचारलं,
काय तुटलं?

छापायला गेलेल्या प्रतीत, पान अठ्ठ्याऐंशीवर,
मी एक शब्द ठेवलाय: (अस्पष्ट).
कुणी विचारलं तर सांगेन, रबर बँड होता.
जून लागला.
अजून कुणी विचारलेलं नाही.